या वर्षी नाही

मैदानावर मेश्रामसाहेब कधीच गर्दीत बसायचे नाहीत. बाकीचे लोक तंबूत, सावलीत, खुर्च्यांवर. हे पलीकडच्या टोकाला, रिकाम्या गोलच्या मागे, लाकडी स्टुलावर. चेंडू मैदानाच्या एका अंगाला असला की यांची नजर बरोबर दुसऱ्या अंगाला. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "चेंडू तं सगळेच बघतात, जाधवबाई. ज्याच्यापाशी चेंडू नाही तो काय करून राहिला, हे बघायला कुणीतरी पाहिजे नं."

लखनौला आमच्या महामंडळाची फुटबॉलची टीम होती. त्या टीमसाठी दरवर्षी कॉलेजांतली दोन-तीन मुलं नोकरीत घेतली जात. कुणाला आधी घ्यायचं यावर एक समिती बसायची, आणि त्या समितीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी मूळची साताऱ्याची. माझ्या नवऱ्याची नोकरी छावणीत, लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत, म्हणून लखनौला आले आणि हजरतगंजच्या ऑफिसात स्टेनो म्हणून चिकटले. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे मला मेश्रामसाहेबांनी टेबलावरच्या टाचण्यांच्या डब्या आणि शाईची दौत मांडून शिकवलं.

साहेब कामठीचे. नागपूरजवळचं हे गाव. लष्कराची जुनी छावणी, आणि गल्लीगल्लीत फुटबॉल. ते स्वतः तिथल्या एका क्लबकडून स्टॉपर म्हणून खेळलेले, म्हणजे गोलच्या पुढ्यात उभं राहून समोरच्याला अडवणारे. फार पुढे गेले नाहीत. बी.कॉम. केलं, महामंडळात लागले, बदली होऊन लखनौला आले आणि इथेच राहिले. अंगानं आडवे, रंग सावळा, केस मागे वळवलेले. शर्ट नेहमी पांढरा आणि इस्त्रीचा. हिंदी इतकी वर्षं लखनौत राहूनही नागपूरचीच. माझ्याशी मात्र मराठीतच बोलायचे, तेही आवाज खाली आणून, जसं काही आम्ही दोघं घरातलं काही बोलतोय.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि टेबलापाशी थांबले.

"गाव कोणतं जी, तुमचं?"

"सातारा."

"तिकडं कुस्ती चालते," ते म्हणाले. "चालेल. कुस्तीतही आधी पायच बघतात."

त्यांच्याकडून मी जे पहिलं शिकले ते इतिवृत्ताबद्दलच होतं. चाचणीत न निवडलेल्या मुलांच्या नावापुढे मी सरळ 'नापसंत' असं टाइप केलं होतं. ते कागद घेऊन परत आले. "बाई, हे नका लिहू. 'या वर्षी नाही' असं लिहा. पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. नापसंत काय?" मी तसं लिहायला लागले. दुसरं म्हणजे, निवड झाली नाही त्या मुलाला ते स्वतः भेटून सांगायचे. फळ्यावर यादी लावून मोकळं होणं त्यांना पटत नसे. मैदानाच्या कडेला एकेकाला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, काय कमी पडलं ते सांगत. मुलं सुरुवातीला मान खाली घालून ऐकत, मग वाद घालत, आणि बहुतेक जण शेवटी त्यांच्या पिशवीतलं उकडलेलं अंडं खाऊन घरी जात.

समितीत तिघं. अध्यक्ष श्रीवास्तवसाहेब, पर्सोनेलचे मॅनेजर; त्यांना बैठक जेवणाच्या सुट्टीआधी संपली की आनंद. दुसरे टीमचे कोच रिझवीसाहेब. उंच, सडपातळ, तरुणपणी नावाजलेले फॉरवर्ड. बोलणं असं की रागावले तरी समोरच्याला मान दिल्यासारखं वाटावं. आणि तिसरे मेश्रामसाहेब, टीमचे सेक्रेटरी. रिझवीसाहेबांना गोल करणारा हवा असायचा, मेश्रामसाहेबांना गोल वाचवणारा. दरवर्षी तोच वाद.

"मेश्रामसाहब, मॅच गोल से जीती जाती है."

"और हारी भी गोल से ही जाती है, रिझवीसाहब. पहले हारना तो बंद करें."

वादानंतर दोघं खाली जाऊन एकाच टपरीवर चहा प्यायचे. गोलकीपरच्या बाबतीत मात्र मेश्रामसाहेबांनी रिझवीसाहेबांना पूर्ण पटवलं होतं. एका वर्षी अलाहाबादच्या कॉलेजातला एक लांब हातांचा, अबोल मुलगा यादीत सर्वांत वर घ्यावा म्हणून ते अडून बसले. फॉरवर्ड दर वर्षी मिळतील, असा गोलकीपर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, आणि रेल्वेवाल्यांची चाचणी पुढच्याच आठवड्यात आहे. आज ऑर्डर दिली नाही तर तो तिकडे जाईल. घेतला. पुढं त्या मुलानं टीमला कित्येक सामने वाचवून दिले. रिझवीसाहेब त्याचं श्रेय भर मैदानात मेश्रामसाहेबांना द्यायचे.

त्यांचं घर इंदिरा नगरात, वरच्या मजल्यावर. बुद्धपौर्णिमेला आम्ही जायचो. नागपूरकडची आणखी दोन-चार कुटुंबं यायची, वंदना व्हायची, मग शांताताईंच्या हातची खीर. त्यांची मुलगी प्रज्ञा तेव्हा शाळेत. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. "पप्पा, आप फिर से मॅच की बात कर रहे हो." साहेब हसायचे. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली कामठीच्या एका जुन्या टीमचा फोटो होता. पुढच्या रांगेत मधोमध, चेंडूवर पाय ठेवून, एक देखणा तरुण.

"हे मोठे भाऊजी," शांताताई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "शंकरभाऊ. शाळेत असतानाच एका गिरणीच्या टीमनं उचललं त्यांना. सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले म्हणे. पाच-सहा वर्षं खेळले, मग गुडघा गेला. शिक्षण नव्हतं. गिरणीनं ठेवलं, पण गाठी उचलायला. त्याच गुडघ्यावर. चाळिशी गाठली नाही." त्यांनी खिरीखालचा गॅस बारीक केला. "यांच्यासमोर काढू नका हं."

मी काढलं नाही. पण त्यानंतर साहेब चाचणीला आलेल्या प्रत्येक मुलाला सर्वांत आधी 'बी.ए. कितवं वर्ष?' असं का विचारतात, ते मला समजलं.

मला सांगायचं आहे ते इरफानचं.

इरफान लखनौच्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. जुन्या शहरात चौकाच्या बाजूला राहायचा. वडील जरीचं भरतकाम करणारे, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर दिवसभर वाकून डोळे अधू झालेले. चाचणीच्या दिवशी मी मैदानावर होते. मला खेळ कळत नसला तरी त्या दिवशी काहीतरी वेगळं घडतंय हे कळलं. गोलकडे पाठ करून तो चेंडू घ्यायचा, अंगावर स्टॉपर घेऊन, आणि पुढच्या क्षणी स्टॉपर एकीकडे आणि हा दुसरीकडे. तंबूतली माणसं उठून उभी राहिली. रिझवीसाहेब मात्र बसूनच राहिले, हात तोंडावर धरून. नंतर म्हणाले, "ऐसा लडका देखने के लिए ही तो मैं कोच बना था."

त्या वर्षी जागा दोन होत्या. बैठक बसली. रिझवीसाहेबांनी इरफानचं नाव पहिलं सांगितलं आणि फाईल मिटली. त्यांच्या लेखी चर्चा संपली होती.

मेश्रामसाहेब म्हणाले, "मेरी तरफ से, पहला विजय बहादूर."

विजय बहादूर गोरखपूरकडचा. बावीस वर्षांचा, पदवीधर, दांडगा, जरा संथ स्टॉपर. चाचणीत इरफाननं ज्याला सर्वांत जास्त वेळा चकवलं होतं, तोच.

रिझवीसाहेबांना हसू आलं. "जिसे इरफान ने नचाया, उसे पहले?"

"नाचला, पण प्रत्येक वेळी परत आला," मेश्रामसाहेब माझ्याकडे बघून मराठीतच बोलून गेले, मग भान येऊन हिंदीत वळले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गेल्या हंगामात आपण हरलो ते मागच्या फळीमुळे. स्टॉपर पहिला घ्या. दुसरा, कानपूरचा तो डाव्या पायाचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला. आपल्याकडे डाव्या बाजूला माणूसच नाही. आणि इरफान पुढच्या वर्षी.

"अगले साल क्यों?" श्रीवास्तवसाहेबांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

"क्योंकि अगले साल वो बी.ए. हो जाएगा."

आमचा नियम असा होता की पदवीधर खेळाडूला क्लार्क म्हणून घ्यायचं, बारावीवाल्याला शिपाई म्हणून. शिपाई म्हणून लागलेला मुलगा सकाळी सराव, दिवसा फायली, संध्याकाळी पुन्हा सराव. कॉलेज सुटतं ते सुटतंच. मेश्रामसाहेबांनी हे सगळं सांगितलं. "साहब, ये लडका आठ साल खेलेगा. उसके बाद तीस साल नौकरी करेगा. तीस साल चाय लाएगा? इतना बडा खिलाडी?"

रिझवीसाहेब एरवी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "और अगर अगले साल जगह ही न निकली तो? रेलवेवाले उसके घर जा चुके हैं, मालूम है आपको? खिलाडी आम है, मेश्रामसाहब. डाल पर छोड दोगे तो कोई और तोड लेगा, नहीं तो सड जाएगा."

"वो आम नहीं है. लडका है."

श्रीवास्तवसाहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि मेश्रामसाहेबांच्या बाजूनं मत दिलं. दरवर्षी जागा निघत होत्या. पुढच्या वर्षी निघणार नाहीत असं कुणाला वाटलंही नव्हतं. मी इरफानच्या नावापुढे टाइप केलं: या वर्षी नाही.

एवढ्यावर मेश्रामसाहेब थांबले असते तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. रेल्वेवाल्यांनी इरफानला खरंच बोलावलं होतं, तेही खालच्याच जागेवर. दुसऱ्या दिवशी इरफानचे वडील आमच्या ऑफिसात आले. डोक्यावर टोपी, हातात काठी, जिना चढून दम लागलेला. मेश्रामसाहेबांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण उभे राहिले.

"साहब, आप पढे-लिखे आदमी हैं," म्हातारे म्हणाले. "मैं तो सुई-धागा जानता हूँ. रेलवे का कागज आया है. आप कहें तो भेज दूँ, आप कहें तो रोक लूँ."

साहेब खिडकीपाशी गेले, परत आले. मग त्यांच्यासमोर वाकून म्हणाले, "चाचाजी, एक साल रोक लीजिए. बी.ए. होने दीजिए. अगले साल पहला नाम इरफान का होगा. ये मेरी जबान है."

म्हाताऱ्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. रेल्वेचा कागद परत गेला.

त्या हंगामात आमच्या टीमवर गोल फार कमी झाले. विजय बहादूर खरोखरच भिंतीसारखा उभा राहिला. उपांत्य सामन्यात एकाच गोलनं हरलो, कारण आमच्याकडून शेवटपर्यंत कुणाला गोल करता आला नाही. रिझवीसाहेब चष्मा पुसत बसले. मेश्रामसाहेबच म्हणाले, "अगले साल." रिझवीसाहेब म्हणाले, "हाँ. अगले साल."

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वरून पत्र आलं. नवीन भरती बंद, पुढचा आदेश येईपर्यंत. खेळाडूंच्या जागांसह. त्या दिवसांत सगळीकडेच हे वारं होतं. एकेका खात्याचे दरवाजे मिटत होते. मी ते पत्र फाईलला लावलं आणि मेश्रामसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मला विचारलं, "बाई, यात खेळाडूंचं वेगळं काही लिहिलेलं असेल नं कुठं? मागच्या पानावर?"

मागचं पान कोरं होतं.

निकाल लागला तसा इरफान आला. मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, सोबत चौकातल्या दुकानातली मिठाई. सेकंड डिव्हिजन. साहेबांनी मार्कशीट दोन्ही हातांनी धरून प्रत्येक विषय वाचला. "शाब्बास," म्हणाले. मिठाईचा तुकडा तोंडात घातला. मग त्याला बसवून सगळं सांगितलं, काही न लपवता.

इरफान ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं मार्कशीट पुन्हा पिशवीत घातली. माझं टेबल शेजारीच होतं. त्याचा आवाज इतका शांत होता की मी टाइप करायची थांबले.

"साहब, आपने अब्बा से बात की. रिझवीसाहब ने आपसे बात की. मुझसे किसी ने नहीं पूछा."

इरफान उठून उभा राहिला.

"मैं चपरासी बन जाता, साहब. खेल तो लेता."

तो गेल्यावर मिठाईचा डबा बराच वेळ उघडाच राहिला. शेवटी मीच झाकण लावलं.

त्यानंतरचे काही महिने मेश्रामसाहेबांनी जे केलं ते ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी, रजा टाकून, इरफानला स्कूटरवर मागे बसवून ते लखनौमधल्या प्रत्येक टीमच्या दारात गेले. बँक, वीज मंडळ, पोलीस, जिथे म्हणून फुटबॉल होता तिथे. इरफान सुरुवातीला यायचा नाही. साहेब त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. रेल्वेवाल्यांकडेही गेले. ज्या माणसांसमोर त्यांनी कधी मान वाकवली नव्हती त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांना चहा मिळाला, सहानुभूती मिळाली. जागा कुणाकडेच नव्हती. रिझवीसाहेब एकदा मला जिन्यात भेटले. "मेरी बात सच निकली, बेटी," ते म्हणाले. "काश न निकलती." आणि त्या दिवसापासून तेही स्कूटरच्या मागे रिक्षानं जायला लागले.

एका दुपारी श्रीवास्तवसाहेबांनी मला डिक्टेशनसाठी बोलावलं होतं. मेश्रामसाहेब न विचारता आत आले.

"साहब, मेरी नौकरी के अभी कई साल बाकी हैं. मैं आज रिटायरमेंट लेता हूँ. मेरी जगह उस लडके को ले लीजिए. क्लार्क में ही सही."

श्रीवास्तवसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मेश्रामजी, आपकी जगह खाली होगी तो भरी नहीं जाएगी. काट दी जाएगी. आप भी जाएँगे, वो भी नहीं आएगा. बिटिया पढ रही है आपकी. बैठिए. पानी पीजिए."

साहेब बसले नाहीत. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले तेव्हा खाली हजरतगंजची संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. लोक नटूनथटून फिरत होते. "शांताला काही बोलू नका," एवढंच म्हणाले. मी बोलले नाही. पण शांताताईंना कुणी सांगावं लागलंच नसावं. पुढच्या बुद्धपौर्णिमेला गेलो तेव्हा भिंतीवरचा कामठीचा फोटो उतरवलेला होता. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "त्यांनीच काढला. म्हणाले, भाऊचं दुःख मी त्या पोराच्या डोक्यावर ठेवलं."

इरफान मग दिसेनासा झाला. पूर्वांचलातल्या गावोगावच्या बक्षिसी स्पर्धांत खेळतो असं कानावर यायचं. आज या क्लबकडून, उद्या त्या. शेतं कापल्यावर जी मैदानं होतात त्यांवर. रिझवीसाहेब एकदा मुद्दाम आझमगडला जाऊन बघून आले. "वैसा ही खेलता है," म्हणाले. "देखनेवाला कोई नहीं." टीममध्ये घ्यायचं वय असतं, ते निघून गेलं. मग कळलं की त्यानं शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, आणि पुढं सीतापूरकडच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, खेळाचा मास्तर म्हणून लागला.

ही बातमी मी साहेबांना मोठ्या उत्साहानं सांगितली. म्हटलं, "बघा, शेवटी डिग्रीच कामाला आली की नाही? तुमचंच खरं झालं."

इतक्या वर्षांत ते माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा. "बाई, असं पुन्हा म्हणू नका," ते म्हणाले. "त्यानं नोकरी मिळवली, त्याच्या हिमतीवर मिळवली. त्याला जे पाहिजे होतं ते आपण त्याला दिलं नाही. माझं खरं करायला त्याला वापरू नका."

भरतीबंदी थोडी सैल झाली तेव्हा आम्हाला एक जागा मिळाली. रिझवीसाहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी नवा, तरुण कोच. नाव पुढे आलं ते बनारसच्या एका फॉरवर्डचं, पुन्हा दुसऱ्या वर्षाला असलेल्या. नव्या कोचला वाटलं मेश्रामसाहेब विरोध करणार. तो तयारीनं आला होता. साहेबांनी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "लडके को अंदर बुलाइए."

असं कधी झालं नव्हतं. मुलगा आत आला, घाबरलेला, बुटांना माती. साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि दोन्ही बाजू समोर मांडल्या. आता घेतलं तर शिपाई, कॉलेज बहुधा सुटेल, पण खेळायला मिळेल. थांबलास तर क्लार्क, पण पुढच्या वर्षी जागा असेलच असं मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. "हमको नहीं मालूम क्या अच्छा है," ते म्हणाले. "तुम्हारी जिंदगी है. तुम बताओ."

मुलगा म्हणाला, आईला विचारतो. श्रीवास्तवसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मेश्रामसाहेब म्हणाले, "तो बैठक कल तक रुकेगी," आणि बैठक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली. मुलानं थांबत नाही, आताच नोकरीत येतो म्हणून सांगितलं. साहेबांनी सही केली. तो पुढं कसा निघाला हे मला माहीत नाही, कारण आमची बदलीची ऑर्डर तोवर आली होती.

निघायच्या आधी थोडे दिवस इरफानचे वडील ऑफिसात आले. आता नातीच्या वयाच्या एका पोरीचा हात धरून. दिसणं जवळजवळ गेलं होतं. इरफानचं लग्न ठरलं होतं. वलीम्याचं, म्हणजे नवरदेवाकडच्या मेजवानीचं, आमंत्रण त्यांनी मेश्रामसाहेबांच्या हातात ठेवलं आणि मलाही यायला सांगितलं.

साहेब जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते शांताताईंना घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर कोट. गल्ली अरुंद, भर दुपारी तिच्यावर कापडी मांडव ताणलेला, त्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा. बायका आतल्या घरात बसल्या होत्या, पण म्हाताऱ्यांनी आम्हा दोघींनाही बाहेर मांडवातच साहेबांशेजारी बसवलं. "ये मेरे खास मेहमान हैं," ते प्रत्येकाला सांगत होते. जमिनीवर लांब पांढरं कापड अंथरलेलं, त्यावर कोरमा, शीरमालच्या केशरी रोट्या, शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळी भाजी.

वाढायला इरफान स्वतः आला. मी त्याला बऱ्याच वर्षांनी बघत होते. दाढी राखली होती, अंग भरलं होतं, शेरवानीच्या बाह्या वर सारलेल्या. रांगेत सगळ्यांना वाढत तो साहेबांसमोर आला आणि थांबला. सलाम केला. साहेब उठून उभे राहिले. जेवणाच्या पंगतीत एकटेच उभे, हातात काही नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"इरफान," ते म्हणाले, "मैंने तुमसे पूछा नहीं था."

इरफानच्या हातात कोरम्याचं भांडं होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "जी."

"पूछना चाहिए था."

इरफाननं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर माफी होती असं मी म्हणणार नाही; रागही नव्हता. सामन्यात दमून बाहेर आलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

"बैठिए साहब," तो म्हणाला. "खाना ठंडा हो रहा है."

साहेब बसले. इरफान त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि वाढायला लागला. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही लखनौ सोडलं. मेश्रामसाहेब मला पुन्हा भेटले नाहीत. ते मला दिसतात ते तिथेच, त्या मांडवाखाली मान खाली घालून जेवताना. इरफान ताटलीत वाढत होता, ती रिकामी व्हायची वाट बघत होता आणि पुन्हा वाढत होता. साहेबांचं जेवण एरवी बेताचं. त्या दुपारी त्यांनी एकदाही हात आडवा धरला नाही.